वीस किलोंचा हिशेब

ओकावांगोला जायचे ठरले आणि घरात वजनकाटा आला. अंगोलाच्या डोंगरात पडलेला पाऊस महिनोन्‌महिने वाहत बोट्स्वानात पोचतो; म्हणून तिथे पूर भरतो तो ऐन कोरड्या दिवसांत, जून ते ऑगस्ट. ही नदी समुद्राला मिळतच नाही, कालाहारीतच संपते. वीस वर्षे भूगोल शिकवला, पण हे वाचून मीच चकित झालो!

माउनपासून पुढे चिमुकले विमान. माणशी वीस किलो, तेही मऊ पिशवीत. माझा कॅमेरा नि भिंगेच नऊ किलो भरली. आमची ही काही बोलली नाही. तिने आपल्या पिशवीतून चार कपडे काढले आणि माझे मोठे भिंग तिथे ठेवले. मग हळूच म्हणाली, “त्या मोकोरो होडीत पाणी अगदी हाताशी असते म्हणे. मला पोहता येत नाही, लक्षात आहे ना तुमच्या?”

नव्हते.