स्टाफ आणि पब्लिक

माणूस नोकरीला लागतो पगारासाठी आणि टिकतो सवलतींसाठी, असे माझे बँकेतल्या वीस वर्षांच्या अनुभवाने ठाम मत झाले आहे. पगार बिचारा पाहुण्यासारखा. आला आला म्हणेपर्यंत निघून जातो. सवलती मात्र आपल्यालाच घट्ट धरून बसतात.

आमच्या घरकर्जाचेच घ्या. पब्लिकला चक्रवाढ, तर स्टाफला साधे व्याज. कर्ज मंजूर झाले तेव्हा सौभाग्यवतीने आळीत पेढे वाटले. कागदपत्रांतले एक कलम तेवढे पेढ्याइतके गोड नव्हते : राजीनामा दिल्यास पब्लिकचा दर लागू. तेव्हापासून साहेब ओरडले की मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतो आणि 'आपला विश्वासू'पर्यंत पोचायच्या आत मला हप्ता आठवतो. शिवाय या स्वस्त कर्जातल्या फायद्यावर प्राप्तिकर बसतो, यावर 2024 साली सर्वोच्च न्यायालयानेही शिक्कामोर्तब केले. म्हणजे खुंटीला बांधून घ्यायचे आणि दाव्यावर कर भरायचा!

पेन्शनचीही तीच तऱ्हा. 1995 च्या नियमांप्रमाणे आमच्यापैकी कोणी राजीनामा दिला, तर मागची सगळी सेवा पाण्यात. 1 एप्रिल 2010 पासून लागलेल्या पोरांचे तसे नाही. त्यांचे पेन्शन त्यांच्या नावच्या खात्यात साठते आणि नोकरी बदलली तरी सोबत जाते. साहजिकच शेजारच्या काउंटरवरचा पोरगा परवा चहा पिता पिता म्हणाला, "काका, मी चाललो. पाच वर्षं भरली, ग्रॅच्युइटी बसली."

मी तोंडी हिशेब करून दिला. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना धरायचा सव्वीस दिवसांचा. (आमच्या घरी तो वीस तारखेलाच संपतो, पण कायद्यापुढे कोणाचे चालते?) रक्कम ऐकून तो हसला आणि म्हणाला, "ते राहू द्या. तुम्ही इथे खूश आहात का?"

आता आली का पंचाईत? मी शिल्लक रजा सांगितली, फिरायला जायची प्रवास सवलत सांगितली, हिच्या ऑपरेशनचे बिल विम्यातून कसे सुटले तेही सांगितले. पोरगा म्हणाला, "काका, मी खूश आहात का विचारलं."

बी.कॉम.ला हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञावर टीप यायची. 1959 च्या पुस्तकात त्याने मांडले होते की, पगार-सवलती नसल्या तर माणूस कुरकुरतो. असल्या तर कुरकुर थांबते, एवढेच. समाधान येते ते कामातून. तेव्हा ही टीप पाच मार्कांची वाटली होती.

गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला एक आजी आल्या. आयुष्यभर धुणीभांडी करून झिजलेला अंगठा. यंत्र काही केल्या घेईना. तीनदा 'अमान्य' आले. आजी घाबरल्या; पेन्शन बंद पडणार म्हणून डोळ्यांत पाणी. मी कागदी फॉर्म काढला, भरला, सही घेतली, साहेबांचा शिक्का मारून आणला. जाताना त्या म्हणाल्या, "तू आहेस म्हणून मी जिवंत आहे रे बाबा!"

त्या दिवशी घरी जाताना मी चक्क शीळ घालत होतो. पोराला हे सांगायचे राहिले. तो गेला. आता तो कुठल्याशा कंपनीत आहे आणि कर्ज मागायला आमच्याच शाखेत येतो, पब्लिकच्या दराने.