बदललेली डिस्क आणि कोरा समास

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली ही हकिकत. आर्द्रा नक्षत्राचा पाऊस तीन दिवस संततधार कोसळत होता. वसईच्या आमच्या वाडीतले बावखल काठोकाठ भरले होते आणि धर्मग्रामाच्या कार्यालयातील भिंतींना ओल आली होती. बुधवारी सकाळची मिस्सा आटोपून मी कार्यालयात आलो, संगणक सुरू केला, आणि त्याच्या पेटीतून टिक्-टिक् असा आवाज ऐकू येऊ लागला. क्षणभर वाटले, भिंतीवर पाल चुकचुकते आहे.

"फादर, गेले चार दिवस हा आवाज येतोय," कार्यालय सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या. "तुम्हाला सांगेन सांगेन म्हणत राहून गेलं."

आमच्या गायनवृंदात ऑर्गन वाजवणारा एक तरुण संगणक दुरुस्तीचे काम करतो. तो तेव्हा नाशिकला होता. फोनवर मी त्याला आवाज ऐकवला. तो म्हणाला, "फादर, हार्ड डिस्क जायला आली आहे. आत्ता बंद करा आणि उद्या मी येईपर्यंत सुरू करू नका."

वाचकहो, हार्ड डिस्कच्या आत चकत्या असतात. आमच्यासारख्या साध्या संगणकात त्या बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेतात आणि त्यांच्यावरून वाचनाचे इवलेसे टोक हवेच्या अतिसूक्ष्म थरावर तरंगत जाते. ते अडखळू लागले म्हणजे असा आवाज येतो, आणि अशा अवस्थेत डिस्क जितकी फिरवावी तितका धोका वाढतो. हे मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी मला फक्त घाई ठाऊक होती.

घाईला कारणही तसेच होते. आमच्या धर्मग्रामातली एक मुलगी आखातात नोकरीला आहे. तिचा विवाह मुंबईच्या एका चर्चमध्ये ठरला होता. तेथील धर्मगुरूंना तिचा बाप्तिस्म्याचा ताजा दाखला शनिवारपर्यंत हवा होता, म्हणजे रविवारपासून विवाहाची घोषणा करता आली असती. तिचे वडील छत्री मिटवत दारात उभे होते.

"फादर, नुसता दाखला तर हवा आहे," ते म्हणाले. "तुमच्या मोठ्या वहीत तिचं नाव असेलच ना?"

नाव होते. मी कपाटातून नोंदवही काढली आणि सव्वीस वर्षांपूर्वीची ती नोंद माझ्या एका पूर्वसूरींच्या सुबक अक्षरात लगेच सापडली. तारीख, आईवडील, धर्मपिता, धर्ममाता, सारे काही जागच्या जागी. नोंदीशेजारचा समास कोरा होता, आणि तो पाहून माझा हात थांबला.

विवाहासाठी जुना दाखला का चालत नाही, नवाच का लागतो, असे पुष्कळ पालक विचारतात. त्याचे उत्तर त्या समासात आहे. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मग्रामात विवाहांची वही ठेवण्याचा नियम केला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने अशा वह्यांचे नमुने घालून दिले. १९८३ च्या धर्मसंहितेचा ५३५ वा नियम सांगतो, की माणसाचे दृढीकरण, विवाह, धर्मगुरुपदाची दीक्षा, मठातील अखेरचे व्रत हे सारे त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीपाशी टिपून ठेवावे. विवाह जगात कोठेही होवो, तेथील धर्मगुरू बाप्तिस्मा झालेल्या धर्मग्रामाला पत्राने कळवतात आणि आपण ते समासात लिहितो. म्हणून समास कोरा असेल तर त्या व्यक्तीचा विवाह झालेला नाही, असे समजून दाखल्यावर सही होते.

आता माझा अपराध सांगतो. काही वर्षांपूर्वी तरुणांनी मोठ्या कष्टाने सगळ्या वह्या संगणकात उतरवल्या. नाव टंकले की नोंद समोर! त्या सोयीला मी इतका भाळलो, की विवाहाची पत्रे आली की त्यांतली माहिती संगणकातल्या यादीत घालायचो आणि मनाशी म्हणायचो, वहीत पुढे सवडीने उतरवू. ती सवड दोन वर्षे आली नव्हती. कोऱ्या समासाचा अर्थ 'विवाह झालेला नाही' असा असायला हवा. माझ्या वहीत त्याचा अर्थ 'फादरांनी लिहिले नाही' असाही होऊ लागला होता. त्या मुलीबद्दल मला संशय नव्हता. परंतु संशय नसणे आणि खातरी असणे यांत अंतर आहे, आणि सही खातरीवर करायची असते.

मी वडिलांना शनिवारी यायला सांगितले आणि त्या तरुणाचा सल्ला मोडला. दुपारी स्टेशनजवळच्या दुकानातून ५०० जीबीची नवी एसएसडी आणली. हिच्यात फिरणारे काहीच नसते. सारी साठवण चिपांवर होते. दुकानदाराने दिलेल्या केबलने ती बाहेरून जोडली आणि जुन्या डिस्कवरचे जेवढे फोल्डर दिसले तेवढे तिच्यावर उतरवायला लावले. संध्याकाळी जपमाळेनंतर पाहिले तर काम संपले होते. अधूनमधून एखादी फाइल वाचता येत नसल्याचा इशारा येऊन गेला होता, तिकडे मी दुर्लक्ष केले. पेटी उघडली, जुनी डिस्क काढली, नवी बसवली, आणि विजयी मुद्रेने बटण दाबले.

पंखा फिरला. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे उमटली. त्यांचा भावार्थ असा, की योग्य ते बूट साधन निवडा आणि पुन्हा सुरू करा. पुन्हा सुरू केले. पुन्हा तीच अक्षरे.

सेमिनरीत तर्कशास्त्राच्या तासाला आम्हांला एक हेत्वाभास घोकून घ्यावा लागे: पोस्ट हॉक, एर्गो प्रॉप्टर हॉक. एका गोष्टीनंतर दुसरी घडली, म्हणून पहिलीच तिचे कारण! नवी डिस्क बसवली, संगणक बंद पडला, तेव्हा डिस्कच खराब. तीस वर्षांपूर्वी या प्रश्नाला उत्तम गुण मिळवलेला मी दुकानदाराला फोन करून चार शब्द सुनावून मोकळा झालो. मग एका परिचिताला विचारून संगणकाच्या अंतर्गत रचनेत शिरलो आणि तेथेही हात फिरवला. अखेर दिवा मालवला. रात्री झोप लागली नाही.

गुरुवारी संध्याकाळी तो तरुण नाशिकहून परस्पर कार्यालयातच आला. त्याने बटण दाबले, पडदा पाहिला, आणि माझ्या अपेक्षेच्या अगदी उलट म्हणाला, "फादर, हे बरं लक्षण आहे."

"बरं? अरे, तो सुरू होत नाही!"

"सुरू झालाय. पंखा फिरला, अक्षरं आली. म्हणजे वीज आहे, मदरबोर्ड शाबूत आहे. ही अक्षरं डिस्कवरून येतच नाहीत."

मग त्याने मला समजावले. मदरबोर्डवर एका छोट्या चिपमध्ये एक मूळ आज्ञावली कायमची वस्तीला असते. जुन्या पद्धतीत तिला बायोस म्हणतात, नव्या पद्धतीत यूईएफआय. बटण दाबताच ती जागी होते, हातपाय शाबूत आहेत ना हे तपासते, आणि मग विंडोजसारखी मोठी आज्ञावली कोठे ठेवली आहे ते शोधू लागते. या जागे होण्याला 'बूट' म्हणतात. इंग्रजीत बुटाच्या मागच्या बाजूच्या नाडीला धरून स्वतःला वर उचलण्याची एक अशक्य कल्पना आहे. तिच्यावरून हा शब्द आला. लहान आज्ञावली मोठीला हाक मारते आणि मोठी उठून बसते. आमच्याकडे हाक मारली जात होती, ओ देणारे कोणी नव्हते.

त्याने एकेक शक्यता तपासली. आधी भिंतीतली वायर काढून दोन्ही केबली नीट दाबून बसवल्या, विजेची रुंद आणि माहितीची अरुंद. मग बायोसमध्ये पाहिले. नव्या डिस्कचे नाव आणि क्षमता तेथे दिसत होती. "म्हणजे डिस्क चांगली आहे, केबलही चांगली आहे," तो म्हणाला. मी दुकानदाराला सुनावलेले चार शब्द आठवून खाली पाहिले. मग त्याने शोधण्याचा क्रम पाहिला. जुनी डिस्क काढल्यामुळे त्या क्रमात डीव्हीडी पहिली आली होती. त्याने नवी डिस्क अग्रस्थानी आणली. तरीही तीच अक्षरे.

"फादर, तुम्ही हिच्यावर नेमकं काय उतरवलंत?"

"सगळं. जेवढे फोल्डर दिसले तेवढे."

"दिसले तेवढे," तो हळूच म्हणाला.

जुन्या पद्धतीच्या डिस्कवर अगदी आरंभी ५१२ बाइटांची एक चिमुकली जागा असते. पुढे काय कोठे आहे याचा तक्ता आणि पहिली हाक ऐकणारी आज्ञावली तेथे असते. तिच्या पाठोपाठ एक लहानसा राखीव भागही बहुधा असतो. हे दोन्ही फोल्डरांच्या यादीत दिसत नाहीत, म्हणून फोल्डर उतरवणाऱ्याच्या हाती ते लागत नाहीत. घरातले सामान नव्या घरात हलवले, पण किल्ली जुन्या घराच्या खुंटीवरच राहिली, असे माझे झाले होते. डिस्कची नक्कल करायची तर ती पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत, जशीच्या तशी करावी लागते.

त्याने दोन्ही डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडल्या आणि तशी नक्कल करणारी आज्ञावली चालू केली. वाचता न येणाऱ्या जागा ती आधी ओलांडून जाई आणि शेवटी परत येऊन पुन्हा प्रयत्न करी. रात्रभर ते काम चालले. वीज दोनदा गेली, इन्व्हर्टरने तारले. तो बाकावर आडवा झाला आणि मी खुर्चीत बसून त्या टिकटिकीची सोबत केली. पहाटे नक्कल पुरी झाली. नवी डिस्क बसवली, बटण दाबले, आणि पुन्हा तीच पांढरी अक्षरे!

त्याने कपाळाला हात लावला. मग विचारले, "फादर, तुम्ही बायोसमध्ये काही बदललंत का?"

"नाही," मी म्हणालो.

वाचकहो, जो माणूस आठवड्याला कितीतरी जणांचे पापनिवेदन ऐकतो, त्याच्या तोंडून हा शब्द किती सहज निघाला! दोन मिनिटे गेली. तो निमूटपणे पेटी पुन्हा उघडू लागला. मला राहवेना. "थांब. बुधवारी रात्री मी एका ठिकाणी 'लेगसी'चं 'यूईएफआय' केलं होतं."

तो हसला नाही, रागावलाही नाही. आमची डिस्क जुन्या पद्धतीने आखलेली होती आणि मी यंत्राला फक्त नव्या पद्धतीने शोधायला लावले होते. त्याने ते पूर्ववत केले. संगणक सुरू झाला. बाहेर पहिल्या मिस्सेची घंटा वाजत होती.

हकिकत येथे संपली असती तर तिला मी संगणकाची हकिकत म्हटले असते. मी विवाहांच्या टिपणांची यादी उघडली. ती मधूनच तुटली होती. जुन्या डिस्कच्या ज्या जागा वाचताच आल्या नाहीत, त्यांत तिचा मोठा भाग गेला होता.

सुदैवाने बाईंनी आलेली पत्रे फेकली नव्हती. पुठ्ठ्याच्या फाइलीत ती तारीखवार लावलेली होती. शुक्रवारी दिवसभर आणि रात्री उशिरापर्यंत मी एका बाजूला ती पत्रे आणि आमची विवाहाची वही, दुसऱ्या बाजूला बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या घेऊन बसलो. एकेक नाव शोधले आणि शाईने समासात लिहिले. दोन पत्रे कोठेच नव्हती, पण त्यांच्या जावक क्रमांकांची नोंद आवक पुस्तकात होती. शनिवारी सकाळी त्या दोन्ही धर्मग्रामांना फोन करून खातरी केली. त्या मुलीच्या नावाचे एकही पत्र नव्हते. दुपारी बारा वाजता तिचे वडील आले तेव्हा मी निःशंक मनाने सही केली. या दाखल्यामागे काय घडले ते त्यांना ठाऊक नव्हते. "बघा, नुसता दाखला तर होता," ते पुन्हा म्हणाले आणि पावसात निघून गेले. संध्याकाळी मी दुकानात जाऊन दुकानदाराची क्षमा मागितली.

या मे महिन्यात माझी बदली होईल. आम्हां धर्मगुरूंच्या आयुष्यात बदली नवी नाही. जुना जातो, त्याच्या जागी नवा येतो, खुर्ची तीच असते. परंतु बदलणे हे एका दिवसाचे काम आहे आणि सोपवणे हे पुष्कळ दिवसांचे. माझ्या पूर्वसूरींनी मला केवळ किल्ल्या दिल्या नव्हत्या. ते दोन दिवस माझ्याजवळ बसले. कोणत्या घरी कोण अंथरुणाला खिळून आहे, कोणत्या दोन भावांत बोलणे नाही, कोणत्या वहीचे कोणते पान सुटे झाले आहे, हे त्यांनी मला सांगितले. त्यांतले बहुतेक कोणत्याही यादीत नव्हते. दिसत नव्हते, पण त्यावाचून मी येथे सुरूच झालो नसतो.

आता दर शुक्रवारी संगणकातील नोंदींच्या दोन प्रती काढल्या जातात. एक कार्यालयात राहते, दुसरी ठरलेल्या एका घरी जाते. पत्र आले की आधी वहीच्या समासात आणि मग संगणकात, असा आमचा क्रम ठरला आहे. तुमच्याही घरच्या यंत्रात आजीआजोबांची छायाचित्रे असतील, जमिनीचे कागद असतील. टिक्-टिक् ऐकू येण्यापूर्वीच त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा. आवाज आलाच, तर यंत्र बंद करा आणि जाणत्या माणसाची वाट पाहा, मग फादर काहीही म्हणोत.

येणाऱ्या धर्मगुरूंसाठी मी सध्या एक वही लिहीत आहे. रोज एक पान होते. काल एका आजींच्या घराचे पान लिहिले. त्यांना कमी ऐकू येते, तेव्हा दार वाजवू नये, खिडकीशी जाऊन हाक मारावी.