पडद्यावरचा वर्ग आणि मनाचा धीर

पुणे-नाशिक मार्गावर नारायणगावास लागूनच वारूळवाडी आहे. टोमॅटो आणि द्राक्षे यांनी हा परिसर नावारूपास आणला. येथील एका श्रद्धावान कुटुंबाकडे आमचे वर्षानुवर्षे जाणे-येणे आहे. वडील टोमॅटोच्या बाजारात हमाली करतात, आई शेतावर मजुरीस जाते. थोरली मुलगी २०२० साली बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षास होती. घराण्यातील ती पहिलीच पदवीधर होणार, याचा आम्हांलाही अभिमान वाटत असे.

त्या वर्षी मार्च महिन्यात टाळेबंदी आली आणि महाविद्यालयाची दारे बंद झाली. शिक्षक मोबाईलवरून शिकवू लागले. मुलीच्या वडिलांनी आम्हांला दूरध्वनी करून विचारले, ‘‘फादर, हे असले शिक्षण पोरीला झेपेल का?’’ आम्ही कामाच्या गडबडीत होतो. ‘‘घरात मोबाईल आहे ना? मग अडचण कसली?’’ असे म्हणून आम्ही विषय संपविला. त्या एका वाक्याचे ओझे पुढे बरेच दिवस आमच्या मनावर राहिले.

खरे तर अडचण काय असते, ते आम्हांला त्याच सुमारास कळत होते. मंदिर बंद असल्यामुळे आम्ही मोबाईलवरून मिस्सा अर्पण करू लागलो होतो. पहिल्याच रविवारी आमचे संपूर्ण प्रवचन मुके गेले. ध्वनीची कळ बंदच राहिली होती. मिस्सा संपताच वारूळवाडीहून त्याच मुलीचा दूरध्वनी आला. ‘‘फादर, तुम्ही दिसत होता, पण आवाज येत नव्हता,’’ असे म्हणून तिने कोणती कळ केव्हा दाबायची, हे शांतपणे समजावून दिले. पुढच्या रविवारी आमचा आवाज घरोघरी पोहोचला. या मुलीला यंत्राची काय भीती असणार, असा आम्ही सोयीस्कर समज करून घेतला.

सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी निकाल दिला आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेविना पदवी मिळणार नाही, हे स्पष्ट झाले. तिची परीक्षा मोबाईलवरच झाली. घरातील एकुलता एक मोबाईल वडिलांनी त्या दिवसांपुरता तिच्या स्वाधीन केला. संपर्क नीट मिळावा म्हणून एरवी ती शेताच्या बांधावर जाऊन बसे; पण जुन्नर तालुक्यात उसाच्या कडेला सायंकाळी एकटे बसणे म्हणजे बिबट्याला आमंत्रण. म्हणून ती शेजाऱ्यांच्या गच्चीवर बसली. एका पेपरात मध्येच पडदा गोठला. पुन्हा प्रवेश मिळेपर्यंत बराच वेळ वाया गेला. ती उत्तीर्ण झाली, परंतु एम. कॉम.चा वर्गही मोबाईलवरच भरणार, हे ऐकून तिने प्रवेश घेण्याचे नाकारले.

नाताळापूर्वी आम्ही तिच्या घरी गेलो. ती म्हणाली, ‘‘फादर, मोबाईल चालवता येतो हो, पण परीक्षा म्हटली की हात कापतात. चूक माझीच असेल असे वाटते. तुम्हीच तर म्हणाला होता, अडचण कसली?’’ आम्हांला उत्तर सुचले नाही. आम्ही तिची क्षमा मागितली.

पुढे आम्ही या विषयावर थोडे वाचन केले. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडले की, ‘हे मला जमेल’ हा विश्वास प्रत्येक कामापुरता वेगळा असतो. तो सर्वांत अधिक वाढतो तो स्वतः काम पार पाडल्याने. त्याखालोखाल आपल्यासारख्याच कोणाला ते करताना पाहिल्याने, कोणी धीर दिल्याने आणि मनाची धास्ती कमी झाल्याने. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली दाखविले की, नवे साधन उपयोगी आणि सोपे वाटले, तर माणूस ते स्वीकारतो. आमच्या मुलीने साधन नाइलाजाने स्वीकारले होते, विश्वासाने नव्हे. आम्ही या दोन गोष्टींची गल्लत केली होती.

मग शनिवारी दुपारी तिच्या ओटीवर सराव सुरू झाला. तिच्या दोन मैत्रिणीही येत. घड्याळ लावून त्या जुने प्रश्न सोडवीत. मध्येच आम्ही मुद्दाम संपर्क तोडायला सांगत असू. पुन्हा जोडल्यावर लिहिलेली उत्तरे जागेवर आहेत, हे एकदा डोळ्यांनी पाहिले आणि तिचा अर्धा धाक गेला. एका मैत्रिणीने तोच प्रकार हसत पार पाडला, तेव्हा उरलेला अर्धा गेला. मुदत संपण्याआधी तिने प्रवेश घेतला.

दूरस्थ शिक्षण आपल्याकडे नवे नाही. १९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे पाठ दूरदर्शनवर सुरू झाले, तेव्हा आम्ही शाळकरी होतो. पडद्यावरचे प्राध्यापक बोलत राहत. त्यांना शंका विचारण्याची सोय नव्हती. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि नोकरदार व गृहिणी यांना घरबसल्या पदवीची वाट मिळाली. परंतु त्या विद्यापीठानेही अभ्यासकेंद्रे उभारली. कारण पुस्तक घरी आले, तरी माणूस लागतोच.

२०२२ साली त्याच मुलीने ‘स्वयम्’ या शासकीय मंचावरील एक अभ्यासक्रम आपणहून निवडला. हा मंच २०१७ पासून चालू आहे. दर आठवड्याचा स्वाध्याय तिने वेळेवर पाठविला, शंका लिहून विचारल्या आणि अखेरची परीक्षा केंद्रावर जाऊन दिली. ‘‘आता कसे वाटते?’’ असे आम्ही विचारले. ती म्हणाली, ‘‘पडद्याची भीती गेली, फादर. तरी बाई समोर असल्या की बरे वाटते.’’ तिचे हे उत्तर आम्हांला प्रामाणिक वाटले.

वारूळवाडीपासून जवळच खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणारे अतिशय क्षीण संदेश टिपतात. त्यांच्याजवळून जाताना आमच्या मनात येते की, दूरध्वनीवरून एका बापाने विचारलेल्या प्रश्नातील काळजी आम्हांला ऐकू आली नव्हती.

प्रिय पालकहो, मुलाच्या हाती मोबाईल दिला की आपले कर्तव्य संपले, असे मानू नका. पहिल्या परीक्षेच्या आधी घटकाभर त्याच्याजवळ बसा. तुम्हांला त्यातले काही कळत नसले, तरी बसा. आणि तुमच्या धर्मगुरूंनी कधी घाईने ‘अडचण कसली?’ असे विचारलेच, तर ती त्यांना नि:संकोच सांगा.