कासवाची अंडी आणि अब्बांचा प्रश्न

मुंबईच्या वर्सोव्याचे वकील अफरोज शाह हे नाव आपल्या घराघरांत ठाऊक असायला हवे. ऑक्टोबर 2015 मध्ये 84 वर्षांच्या एका शेजाऱ्याला सोबत घेऊन ते किनाऱ्यावरचा कचरा उचलायला लागले. हळूहळू माणसे येत गेली. 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा पुरस्कार दिला. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती मार्च 2018 ची सकाळ. सुमारे वीस वर्षांनी त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले दिसली, ऐंशीच्या आसपास. भटक्या कुत्र्यांपासून ती वाचावीत म्हणून स्वयंसेवक रात्रभर वाळूवरच झोपले.

हे मी घरात सांगितले तेव्हा सासरे म्हणाले, “ज्याने जीव दिला तो राखणार नाही का? माणसाने मध्ये कशाला पडायचे?”

अब्बांनी हे थट्टेने विचारले नव्हते. त्यांचा तवक्कुल पक्का आहे. वर्गातल्या मुलांना चार वाक्यांत उत्तर देता येते, अब्बांना नाही. अंथुर्ण्याला समुद्र म्हणजे भूगोलाचा धडा; इथे कालवा आणि ऊस. म्हणून मार्चमध्ये, रोज्यांच्या दिवसांतच, आम्ही घरची मंडळी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला गेलो.

वेळासला हे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 च्या सुमारास गावकऱ्यांना घेऊन सुरू केले. त्याआधी अंडी सर्रास उकरून नेली जात. आता गावचे कासवमित्र पहाटे किनारा चालतात. मादी रात्री येते, वाळूत सुरईसारखा खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू अंगाने दाबून बसवते आणि निघून जाते. मागे फक्त तिच्या सरपटण्याची नक्षी. तिच्यावरून घरटे शोधायचे, अंडी अलगद काढायची आणि जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात पुन्हा पुरायची. पिल्ले यायला पन्नास-पंचावन्न दिवस लागतात. दिवस भरत आले की खड्ड्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात.

अब्बा कुंपणाशी बराच वेळ उभे होते. मी म्हटले, “अब्बा, तिने तिची तदबीर केली. खोल खणले, झाकले, दाबले. अल्लाहने तिला शिकवले तेवढे सगळे केले. पण अंडी विकणारा माणूस, आपल्या उकिरड्यावर पोसलेली कुत्री, प्लास्टिक, हॉटेलांचे दिवे, हे तिला कुठे माहीत होते?” पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात. पूर्वी रात्री उजेड असे तो समुद्रावरच. आता तो रस्त्याकडे असतो. राखण करणारा अल्लाहच्या कामात हात घालत नाही. आपणच आडवा टाकलेला धोंडा तो बाजूला करतो. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी पाखराची पिल्ले उचलून आणणाऱ्या साथीदारांना ती परत ठेवायला लावली, ही हदीस अब्बांनीच माझ्या मुलीला कितीदा सांगितली आहे.

अब्बा काहीच बोलले नाहीत. त्यांचे हे न बोलणे म्हणजे होकार असतोच असे नाही.

संध्याकाळी टोपलीखाली अकरा पिल्ले निघाली. दोरीमागे बरीच गर्दी होती, आणि मोबाइल वर करून पुढे सरकणाऱ्यांना कासवमित्र पुन्हा पुन्हा मागे सारत होते. या कामात कासवांपेक्षा माणसांना सांभाळणेच अवघड असावे. पिल्ले वाळूवर सोडली. एक उलटे पडले, मुलगी धावणार तोच कासवमित्राने तिला थांबवले. ते आपले आपण सरळ झाले. तिने विचारले, “यातली किती जगतील?” हजारात एखादे मोठे होते असे म्हणतात, हे त्याने लपवले नाही. “मग एवढी राखण?” ती म्हणाली. तो हसला. “पाण्यापर्यंतचं आमच्याकडं.”

शेवटचे पिल्लू लाटेत गेले तेव्हा मगरिबला चार मिनिटे होती. हातात खजूर घेऊन आम्ही वाळूतच बसलो. अब्बांनी दोन खजूर जास्त काढून कासवमित्रांना दिले, आणि रात्री किती जण जागतात, थंडीत काय करतात, पगार मिळतो का, असे बारीकसारीक विचारत राहिले.

दुसऱ्या दिवशी सहरीनंतर ते झोपलेच नाहीत. फजर पढून मला घेऊन सात वाजता कुंपणापाशी हजर. कासवमित्राने एकेक टोपली उचलली. त्या सकाळी कुठेच काही निघाले नव्हते. त्याने टोपल्या पुन्हा पालथ्या घातल्या, आणि अब्बांनी विचारले, “संध्याकाळी किती वाजता?”