ताट कोण घासणार?

हेन्री फोंडा आणि कॅथरिन हेपबर्न यांचा ‘ऑन गोल्डन पाँड’ हा १९८१ चा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी अमेरिकेतले, न्यू हॅम्पशरमधले स्क्वाम सरोवरही पाहिले आहे, चित्रण तेथलेच. पण त्या पाण्याची मला आवडणारी गोष्ट त्याच्याही शंभर वर्षे आधीची.

अर्नेस्ट बाल्च हा डार्टमथ कॉलेजातला विद्यार्थी. धनिकांची मुले उन्हाळाभर हवा खाण्याच्या ठिकाणी हॉटेलांतून नुसती लोळताना तो पाही आणि त्याचे मस्तक उठे. हाताशी नोकर, खिशात बापाचे पैसे! १८८१ साली त्याने या सरोवरातल्या एका बेटावर मूठभर मुलांसाठी रानातले शिबिर थाटले. नाव चोकोरुआ.

मुलांना उघड्यावर नेण्याचा पहिला मान तसा त्याचा नव्हे. कनेक्टिकटमधले शाळामास्तर फ्रेडरिक गन यांनी १८६१ मध्येच, यादवी युद्ध पेटलेले असताना, आपली पोरे समुद्रकाठी चालवत नेऊन तंबूत ठेवली होती. पण त्या पोरांना शिपाईगिरीची हौस होती. बाल्चची मुले काही हौसेने ताटल्या घासायला गेली नसतील!

होय, ताटल्या. बेटावर नोकर नाही, हा त्याचा कायदा. स्वयंपाक, झाडलोट, भांडी, सारे मुलांनीच करायचे. हातखर्च बेताचा, अधिक हवा असेल तर बेटावरच्या कामाचा मक्ता घ्यायचा, घाम गाळायचा आणि मजुरी मिळवायची. बापाच्या श्रीमंतीने यातून सूट मिळत नसे. पोहण्या-वल्हवण्यापेक्षा मला हीच गोष्ट मोठी वाटते.

गेल्या वर्षी नातवाच्या शिबिराचे माहितीपत्रक घरी आले. तंबू, टॉर्च, चांदण्यांची ओळख, सगळे झकास. मी फोन करून विचारले, “जेवल्यावर ताट कोण घासतं?” पलीकडची मुलगी अगत्याने म्हणाली, “आजोबा, काळजी करू नका. त्याला माणसं ठेवली आहेत.” सूनबाईंना हायसे वाटले. त्या माणसांची मुले सुट्टीत काय करीत असतील, असा प्रश्न मला पडला. पण तो त्या मुलीला विचारण्याजोगा नव्हता.

आणि बाल्च? मुलांना पैशाची किंमत शिकवणाऱ्या या गृहस्थाला स्वतःच्या जमाखर्चाची तोंडमिळवणी काही जमली नाही. १८८९ मध्ये शिबिर बंद पडले. पुढे इतरांनी शिबिरे काढली आणि अमेरिकेत त्यांचा मोठा धंदा झाला. चोकोरुआच्या बेटावर उरले आहे ते झाडांखालचे, छप्पर नसलेले प्रार्थनास्थळ. उन्हाळ्यात रविवारी लोक होड्यांतून तेथे जातात.