चौथी चाल

१९५६ सालच्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क येथे खेळला गेलेला बुद्धिबळाचा एक डाव ‘शतकातील डाव’ म्हणून ओळखला जातो. त्याच वर्षी अमेरिकेचे कुमार अजिंक्यपद पटकावलेला १३ वर्षांचा बॉबी फिशर काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता. समोर डोनाल्ड बर्न हे कसलेले खेळाडू होते. सतराव्या चालीस फिशरने वजिराचा बळी दिला आणि एकेचाळिसाव्या चालीस मात केली. कौतुक त्या बळीचे होते. माझे लक्ष मात्र, कदाचित व्यवसायाच्या सवयीने, चौथ्या चालीवर खिळते.

डावाचा प्रारंभ ‘ग्रुनफेल्ड बचाव’ या पद्धतीचा. चौथ्याच चालीत फिशरने किल्लेकोट केला. राजाला कडेला, प्याद्यांच्या आडोशास नेले. तेव्हा राजावर कोणताही हल्ला झालेला नव्हता. बर्न यांनी पहिल्या बारापैकी चार चाली वजिरावर खर्च केल्या. राजाशेजारचा उंट पंधराव्या चालीपर्यंत जागचा हलला नाही, त्यामुळे किल्लेकोटाची वाट मोकळी झाली नाही. सोळाव्या चालीस शह बसला, तेव्हा राजा मधोमध उघडा होता.

घरातील वृद्ध पडून खुब्याचे हाड मोडले, की कुटुंब पैसा, रजा, धावपळ काहीच कमी पडू देत नाही. न्हाणीघरातील आधाराची दांडी मात्र तोवर बसवलेली नसते.

माझे वडील ८४ वर्षांचे. दांडीचा विषय काढला की म्हणत, ‘मी काय पांगळा झालो आहे?’ बुद्धिबळ मला त्यांनीच शिकवले. म्हणून एका संध्याकाळी हा डाव त्यांच्यापुढे मांडला. चौथ्या चालीशी ते बराच वेळ थांबले. मग म्हणाले, ‘दांडी स्टीलची आण. प्लास्टिकची नको.’

आपणही हे काम पुढे ढकलू नये. न्हाणीघरात व शौचालयात दांडी असावी, पलंगापासून तेथपर्यंत रात्री मंद दिवा असावा, सरकणारी पायपुसणी काढून टाकावीत. उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेवर बसून मगच उभे राहावे. झोपेच्या वा रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येत असल्यास त्या स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगावे. आणि शुश्रूषा करणाऱ्यांनो, दांडी किती उंचीवर हवी, हे ज्यांना ती धरायची आहे त्यांनाच विचारा.