पंचाण्णव चिंचोके

सामन्याच्या दिवशी माझ्या पँटच्या उजव्या खिशात ९५ चिंचोके असतात. आमच्या पिचरने एक चेंडू टाकला की एक चिंचोका डाव्या खिशात जातो. उजवा खिसा रिकामा झाला की पिचर बाहेर. गेली काही वर्षं मी हा हिशोब चुकवलेला नाही. त्याआधी मी तो ठेवतच नव्हतो, आणि त्याची किंमत एका मुलाच्या कोपराने मोजली.

करमाळा तालुक्यात मी मुलांना बेसबॉल आणि सॉफ्टबॉल शिकवतो. इथे बेसबॉल कसा, असं पाहुणे विचारतात. शालेय स्पर्धांच्या यादीत हा खेळ आहे, म्हणून तो आमच्या शाळेत आला हे खरं. पण तो टिकला तो इथल्या मुलांच्या हातांमुळे. ज्वारीच्या रानात माळ्यावर उभं राहून गोफणीने पाखरं उडवलेल्या माणसांची ही नातवंडं. गोफणीत सगळी करामत दोरी सोडण्याच्या क्षणात असते. क्षणभर आधी सोडली तर गुंडा आभाळात जातो, क्षणभर उशीर झाला तर ढेकळात. पिचिंगही तसंच. जोर पायातून कमरेत, कमरेतून खांद्यात आणि तिथून बोटांत येतो, आणि शेवटी बोटं चेंडू कधी सोडतात यावर सगळं ठरतं. उजनीचं पाणी आलं, ज्वारीच्या जागी ऊस आणि केळी आली, गोफणी आढ्याला गेल्या. तरी एखादं पोर पहिल्याच दिवशी असा चेंडू फेकतं की मागून कुणी म्हातारा म्हणतो, ‘आज्याचा हात हाय.’

पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो तो माउंड आम्हीच करतो. मुरूम आणि काळी माती पसरायची, पाणी मारायचं, धुमसाने ठोकायचं. उंची १० इंच. तिथून होम प्लेट ६० फूट ६ इंचांवर, म्हणजे साधारण साडेअठरा मीटर. प्लेट १७ इंच रुंद. तिच्यावरून, फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या चौकटीतून चेंडू गेला पाहिजे. चेंडूवर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके असतात. पिचरची बोटं त्या टाक्यांवर कशी बसतात ते मी मुलांना डोळे मिटून करायला लावतो. चांगल्या पिचरला चेंडू न बघता टाका सापडतो.

आता ‘परफेक्ट गेम’. मोठ्या बेसबॉलमध्ये ९ इनिंग, दर इनिंगला ३ बाद, म्हणजे २७ फलंदाज. सत्तावीस आले आणि सत्तावीसही पहिल्या बेसवर न पोहोचता परत गेले, तर तो परफेक्ट गेम. हिट नको, चार बॉल देऊन फुकटची चाल नको, चेंडू फलंदाजाच्या अंगाला लागायला नको, क्षेत्ररक्षकाची चूकही नको. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये पहिली नोंद १८८० ची आहे. तेव्हापासून २०२३ पर्यंत असे सामने फक्त २४ झाले. इतक्या वर्षांत दोन लाखांहून जास्त सामने झाले, हे लक्षात घेतलं की त्या २४ चं वजन कळतं.

पाचव्या-सहाव्या इनिंगला सत्तावीसचा आकडा डोक्यात शिरला की पिचरशी कुणी बोलत नाही, अशी तिकडे रीत आहे. तो बाकावर एकटा बसतो, सोबती लांब सरकतात, ‘परफेक्ट’ हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. आमच्या मुलांना हे समजवावं लागलं नाही. दृष्ट लागते, एवढं त्यांना घरूनच माहीत असतं.

पण दडपण शरीरावर दिसतंच. चेंडूवरची पकड घट्ट होते, मनगट आखडतं, पुढचा पाय आखूड पडतो. मग चेंडू वर राहायला लागतो. तो खाली आणायला मुलगा खांद्याने ओढतो, आणि थकल्या अंगाने ओढताना कोपर खाली येतं. सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूला जातो. तिथल्या अस्थिबंधावर १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरची शस्त्रक्रिया केली, आज ती त्या खेळाडूच्याच नावाने ओळखली जाते. पंधरा वर्षांच्या पोराचं तर हाडच अजून कच्चं असतं, टोकाशी कूर्चा असते.

ज्याच्या कोपराचं वर म्हटलं तो डावखुरा होता. जिल्हा स्पर्धेत एकाच दिवशी सकाळचा सामना त्याने टाकला आणि दुपारचाही. दीडशेच्या पुढे चेंडू झाले असतील. असतील, कारण मी मोजले नाहीत. संध्याकाळी त्याला चहाचा कप त्या हाताने तोंडापर्यंत नेता आला नाही. तो पुन्हा तसा कधी टाकू शकला नाही. आज तो केळीच्या गाडीवर असतो, भेटला की अजून वाकून नमस्कार करतो, आणि मला त्याच्या कोपराकडे बघवत नाही.

यानंतर मी वाचायला लागलो. २०१४ मध्ये मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून वयानुसार चेंडूंची मर्यादा घालून दिली आहे: १३ ते १६ वयाला दिवसात ९५, १७-१८ ला १०५. पंधरा-सोळाच्या मुलाने ७६ किंवा त्याहून जास्त टाकले तर ४ दिवस विश्रांती. आमच्याकडे हे कागद कुणी मागत नाही. म्हणून चिंचोके.

आई-वडिलांना पटवणं सगळ्यांत अवघड. २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंनी भारतात झालेल्या एका चेंडूफेक स्पर्धेतून नाव काढलं आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारावर घेतलं. २०१४ मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला, आणि काही पालकांनी मला त्याबद्दल विचारलंही. पण इथलं खरं दडपण त्याहून जवळचं आहे: राज्य पातळीचं प्रमाणपत्र, दहावीला मिळणारे वाढीव गुण, पुढे सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण. दोन एकरवाल्या बापाला मुलाच्या हातात हे सगळं दिसत असेल तर त्याला दोष कसा द्यायचा?

मी पालकांना जपानच्या रोकी सासाकीची गोष्ट सांगतो. २०११ च्या त्सुनामीत या मुलाचे वडील आणि आजी-आजोबा गेले. शाळकरी वयातच तो ताशी १६३ किलोमीटर वेगाने चेंडू टाकत होता. २०१९ मध्ये त्याची ओफुनातो शाळा इवाते प्रांताच्या अंतिम सामन्यात पोहोचली. आदल्या दिवशी उपांत्य सामन्यात त्याने १२९ चेंडू टाकले होते. अंतिम सामन्याला प्रशिक्षकाने त्याला उतरवलंच नाही. शाळा १२-२ अशी हरली आणि प्रशिक्षकावर टीकेची झोड उठली. पुढे १० एप्रिल २०२२ ला, वीस वर्षांच्या सासाकीने चिबा लोटे मरीन्सकडून परफेक्ट गेम टाकला: १०५ चेंडू, १९ स्ट्राइकआउट, त्यांतले १३ सलग. त्याचा कॅचर अठरा वर्षांचा होता. आठवड्याने तो पुन्हा उतरला आणि ८ इनिंग पुन्हा कुणालाही बेसवर जाऊ दिलं नाही. लागोपाठ दुसरा परफेक्ट गेम ३ बादांवर होता, आणि १०२ चेंडूंनंतर व्यवस्थापक इगुची यांनी त्याला काढून घेतलं. संघ १-० ने हरला. २०२५ मध्ये सासाकी मेजर लीगच्या डॉजर्सकडे गेला आणि त्याच हंगामात खांद्याच्या दुखण्याने बरेच दिवस बाहेर बसला. म्हणजे जपूनही दुखतं. मग न जपता काय होईल?

आणखी एक गोष्ट मी मुलांसमोर ठेवतो. २६ मे १९५९ ला मेजर लीगमधल्या हार्वी हॅडिक्स या पिचरने १२ इनिंग, सलग ३६ फलंदाज परत पाठवले. त्याच्या संघाला एकही धाव करता आली नव्हती. तेराव्या इनिंगला तिसऱ्या बेसवरच्या डॉन होकची फेक चुकली, फलंदाज बेसवर गेला आणि हॅडिक्स तो सामना हरला. त्याच्या पाच महिने आधी, डिसेंबर १९५८ मध्ये, क्रिकेटमध्ये कानपूरला आपल्या सुभाष गुप्ते यांनी वेस्ट इंडिजचे एका डावात ९ गडी बाद केले होते. दहावाही त्यांचा झाला असता, पण यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे यांच्याकडून लान्स गिब्जचा झेल सुटला. माझं लक्ष नेहमी होक आणि ताम्हाणे यांच्याकडे जातं. सगळे पिचरची काळजी करतात. पण विक्रम जवळ आला की शॉर्टस्टॉपला उभ्या असलेल्या पोराचे पायही लटपटतात, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवायला कुणी जात नाही. मी शेवटच्या इनिंगांमध्ये त्याच्याशी बोलतो.

आमच्यावरही एकदा अशी वेळ आली. विभागीय स्पर्धेतला तो सामना सात इनिंगचा होता. आमचा पिचर दहावीतला, उंच, शांत. सहा इनिंग झाल्या, अठरा आले, अठरा गेले. आम्ही १-० ने पुढे. लिंबाखाली सतरंजीवर तो एकटा बसला होता, पाण्याची बाटली कुणीतरी हातभर लांब ठेवून गेलं होतं. माझ्या उजव्या खिशात ८ चिंचोके होते.

नियमाने मी त्याला पाठवू शकत होतो. ८ चेंडूंत ३ बाद, होतंही कधीकधी. पण सहाव्या इनिंगचे त्याचे चार चेंडू छातीच्या वर राहिले होते आणि बाटली उचलताना त्याने डावा हात पुढे केला. तो उजव्या हाताचा आहे. मी जवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, ‘बास आता.’ त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. चेंडू माझ्या मांडीवर ठेवला. कॅचर मास्क हातात घेऊन उभा होता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या पिचरने पहिल्याला चार बॉल दिले, पुढच्याने हिट मारली, आणि आम्ही २-१ ने हरलो.

परतीच्या एसटीत गोळेवाल्याकडून घेतलेला बर्फ मी फडक्यात बांधून त्याच्या कोपरावर धरला. करमाळा येईपर्यंत माझी बाही भिजली. स्टँडवर त्याचे वडील मोटारसायकल घेऊन आले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाले, ‘सर, आठ होते ना?’ माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं, आजही नाही. आठांत काहीच झालं नसतं, असंही असेल.

देवीच्या माळावर कमलाभवानीच्या मंदिरात सगळं ९६ च्या हिशोबात आहे, खांब ९६, विहिरीच्या पायऱ्या ९६. सकाळी धावायला आम्ही तिकडे जातो. पुढचे चार दिवस तो आला नाही. विश्रांतीचेच दिवस होते, तरी त्याची जागा रिकामी दिसली की मी रस्त्याकडे बघायचो. पाचव्या दिवशी मी मैदानावर पोहोचलो तेव्हा तो माउंडवर पाणी मारत होता. चिंचोक्यांची पिशवी त्याने माझ्या खोलीतून आणली होती, आणि ती माझ्यापुढे धरून त्याने विचारलं, ‘सर, आज किती?’

‘तीस,’ मी म्हणालो. त्याने खाली बसून मोजून काढले.